सतवासचा नर्मदाकाठ : काही प्रेक्षणीय स्थळे

भूगोलाच्या तासाला आग्नेय आशियाचा नकाशा फळ्यावर टांगला की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : "सर, यंदाची सहल बालीला का नेत नाही?" वर्गात हशा पिकतो आणि तास पुढे सरकतो. प्रश्न थट्टेचा असला तरी त्यामागची ओढ खरी असते. सतरा हजारांहून अधिक बेटांचा तो देश, त्यातले शंभरावर जागृत ज्वालामुखी, भातशेतीच्या पायऱ्या आणि निळे पाणी कोणाला पाहावेसे वाटणार नाही? पण सहलीचा खर्च हा विषय निघाला की बालीही मागे सरते आणि आपण पुन्हा जोग नाहीतर अजिंठा असे म्हणू लागतो. प्रस्तुत लेखात मी तिसरीच एक दिशा सुचवणार आहे. तिचा इंडोनेशियाशी वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे.

सुमात्रा बेटावर तोबा नावाचे प्रचंड सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११३० चौरस किलोमीटर असून मध्ये सामोसिर हे बेट आहे. प्रवासी होडीने बेटावर जातात, एखादा दिवस राहतात आणि परततात. हे सरोवर म्हणजे सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झालेल्या एका भयंकर उद्रेकाने पडलेला खड्डा आहे. त्या उद्रेकाची बारीक, काचेसारखी राख वाऱ्याने सुमारे तीन हजार किलोमीटर वाहत आली आणि भारतात पडली. शोण व नर्मदा यांच्या खोऱ्यांत, नदीने कापलेल्या काठांमध्ये, तिचे थर आजही सापडतात. आपल्या पुणे जिल्ह्यात बोरी आणि मोरगाव येथेही ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत; मात्र त्यांच्या वयाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. थोडक्यात, आपल्याला सुमात्रास जाता आले नाही तरी सुमात्रा एकदा आपल्याकडे येऊन गेली आहे!

म्हणूनच मी नर्मदेचा काठ सुचवतो. त्यातही ज्याचे नाव सहलीच्या माहितीपत्रकांत क्वचितच आढळते असा एक भाग. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, विंध्याचा उतार संपून नर्मदेचे सपाट रान सुरू होते तेथे सतवास हे तालुक्याचे गाव आहे. संस्थानी काळात हा मुलूख होळकरांच्या इंदूर राज्यातील नेमावर जिल्ह्यात होता. आपल्याकडून जाणाऱ्याने मिरज, पुणे, भुसावळ असा रेल्वेने प्रवास करून खंडव्यास उतरावे आणि पुनासामार्गे उत्तरेकडे यावे, किंवा हरदा येथे उतरून हंडिया-नेमावरच्या पुलावरून नर्मदा ओलांडावी. इंदूरहून येणाऱ्यास बैतूलचा राजमार्ग सोयीचा. कन्नोदला तो सोडून दक्षिणेस वळले की सतवास येते. गावात पाहण्याजोगे फारसे नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुक्कामाला आणि बाजाराला ते चांगले. पाहायचे ते भोवताली आहे.

पूर्वेस नेमावर. येथील सिद्धनाथाचे मंदिर परमार काळातले आहे, आणि शिल्प पाहण्याची ज्याला थोडीफार सवय आहे त्याचा अर्धा दिवस तेथे सहज जातो. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. भाविक नेमावरला तिची नाभी मानतात. उत्तरेस खिवनीचे अभयारण्य. १९५५ साली संरक्षित झालेले हे सुमारे १३० चौरस किलोमीटरचे सागवानी जंगल देवास आणि सीहोर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. वाघ आहे, पण तो दिसेलच अशी आशा धरून जाऊ नये. उन्हाळ्यात पानगळ झाल्यावर जंगल कसे दिसते हे कोकणी डोळ्यांनी एकदा पाहण्यासारखे आहे.

या दोन्ही ठिकाणांपेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो तो सतवासच्या नैर्ऋत्येस, बागलीच्या रानात असलेला कावडिया पहाड. दुरून पाहिले तर कोणीतरी दगडी खांब घडवून, मोळी रचावी तसे टेकडीवर रचून ठेवले आहेत असे वाटते. काही उभे, काही आडवे. कोणाला पाच बाजू, कोणाला सहा. भीमाने कावडीतून या शिळा वाहून आणल्या अशी कथा तिकडे सांगतात, आणि ते ढीग पाहिल्यावर कथा रचणाऱ्याला दोष देववत नाही.

शास्त्र काय सांगते ते पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आज त्यांनी व्यापलेला प्रदेश सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. सह्याद्री त्याच दगडाचा, आणि माळव्याचे पठारही त्याचेच. जाड थर निवताना आकसतो. तळ्याचा गाळ उन्हात वाळला की त्यास जशा भेगा पडतात तशाच भेगा निवणाऱ्या लाव्ह्यास पडतात. फरक इतकाच की गाळाच्या भेगा चार बोटे खोल जातात, आणि येथे थर जसजसा आतून निवत जातो तसतशी भेग त्याच्यामागोमाग आत शिरते. अशा रीतीने भेगेचा खांब होतो. आकसण्याचा ताण सर्व बाजूंनी सारखा असला तर भेगा सहा बाजूंचे घर पाडतात. निसर्गात तो क्वचितच सारखा असतो, म्हणून पाच बाजूंचे आणि सात बाजूंचे खांबही निघतात. सावकाश निवलेल्या लाव्ह्याचे खांब जाड, लवकर निवलेल्याचे बारीक. खांबाची दिशा नेहमी निवणाऱ्या पृष्ठाशी काटकोनात असते. तेव्हा तिरपा खांब दिसला की पृष्ठच तिरपे होते का, की खांब मागाहून कलला, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारावा. या शिळांवर दगड आपटला की धातूसारखा नाद येतो. भेग नसलेला, घट्ट कणांचा लांब दगड थोड्याच ठिकाणी टेकलेला असला की तो कंप पावतो, त्याचा हा नाद. (ऐकण्याची हौस एकदाच्या टिचकीने भागवावी. प्रत्येक सहलीने हातोडी चालवली तर पुढच्या पिढीस ऐकायला काही उरणार नाही.)

असे खांब आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच जातीची आहे, आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर मलपेसमोरील सेंट मेरी बेटावरही दगडी खांब आहेत. मात्र ते बेट दख्खनच्या लाव्ह्याचे नव्हे. त्याचा दगड निराळा आणि वयाने दोन कोटी वर्षांहून अधिक जुना आहे. हे तिन्ही पाहिलेला विद्यार्थी परीक्षेत 'स्तंभाकार बेसाल्ट' यावर टीप लिहिताना अडखळणार नाही.

आता धाराजी. या एका ठिकाणासाठीच मी हा लेख लिहायला घेतला, असे म्हटले तरी चालेल.

नेमावर आणि ओंकारेश्वर यांच्या दरम्यान नर्मदा दोन ठिकाणी एकदम खाली उतरत असे. दोन्ही धबधब्यांची उंची सुमारे १२ मीटर, म्हणजे चाळीस फूट, अशी जुन्या वर्णनांत दिलेली आहे. त्यांपैकी पुनासाच्या खालचा तो धाराजी. संपूर्ण नर्मदा तेथे खडकांच्या चिंचोळ्या वाटांतून कोसळे आणि खाली धावडी कुंडात घुमे. भोवऱ्यात सापडलेला धोंडा वर्षानुवर्षे गरगर फिरतो. तो खडकाला रांजणासारखे भोक पाडतो आणि स्वतः गुळगुळीत, लांबट गोल होतो. हेच नर्मदेचे बाणलिंग. देशभरच्या देवघरांतून पूजेत असलेली कितीतरी बाणे या कुंडातून निघाली. आपल्या घरी आजोबांनी आणलेला एखादा बाण असेल तर तो हातात घेऊन पाहावा. पाण्याने इतकी नेमकी कारागिरी कशी केली असेल याचे आश्चर्य वाटते.

दरवर्षी आपल्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन अमावास्येला, उत्तरेच्या पंचांगात जी चैत्राची अमावास्या, तेथे मोठी यात्रा भरे. तिकडे हिला भूतडी अमावस्या म्हणतात. अंगात वारे येणारी माणसे, आजारी, त्यांचे नातेवाईक आणि नुसतेच स्नानाला आलेले लाखो लोक नदीच्या पात्रातल्या खडकांवर रात्र काढीत. उन्हाळ्याच्या तोंडी पाणी उतरलेले असे, आणि रुंद कातळ मोकळा पडे. पिढ्यान्‌पिढ्या हा हिशेब चुकला नव्हता.

पण हिशेब मांडणारे बदलले होते. धाराजीच्या वरच्या बाजूस पुनासा येथे इंदिरा सागर धरण बांधले गेले. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २००५ मध्ये ते पुरे झाले. धरणाची उंची ९२ मीटर, लांबी ६५३ मीटर, वीजनिर्मितीची क्षमता १००० मेगावॅट. जलविद्युत केंद्र हे कारखान्यासारखे अखंड चालत नाही. विजेची मागणी वाढली की टर्बाइन सुरू करतात, आणि त्यांतून सुटलेले पाणी खालच्या पात्रात येते. आकाशात ढगाचा टिपूस नसतानाही नदी चढू शकते, ही गोष्ट नव्या धरणाखाली राहणाऱ्याला नव्यानेच शिकावी लागते. ७ एप्रिल २००५ च्या रात्री, गुढीपाडवा दोन दिवसांवर असताना, धरणातून सुटलेले पाणी यात्रेत शिरले आणि साठांहून अधिक माणसे वाहून गेली. यात्रा भरणार हे त्या टापूत लहान पोरालाही ठाऊक होते. पाणी येणार हे कातळावर पडलेल्या यात्रेकरूंना ठाऊक नव्हते.

दोन वर्षांनी, २००७ मध्ये, खालच्या ओंकारेश्वर धरणात पाणी साठू लागले आणि धाराजीचा धबधबा, धावडी कुंड, तो कातळ असे सगळेच बुडाले. आता त्या अमावास्येला नेमावरच्या घाटावर गर्दी होते. मात्र प्रवासी माहितीच्या याद्यांतून धाराजीचा धबधबा अजून कोसळतोच आहे! अशी यादी हाती घेऊन कोणी वर्ग तेथे गेला तर त्यास शांत, रुंद पाणी तेवढे दिसेल. माझ्या मते तरीही जावे. बाण घडवणारे पात्र या पाण्याखाली नेमके कोठे असेल, जुन्या व नव्या नकाशावरून पाण्याची पातळी किती चढली असेल, हे काठावर बसून काढण्याइतका चांगला प्रात्यक्षिकाचा धडा दुसरा नाही. काठाच्या गावांत जुनी माणसे आहेत. त्यांना विचारावे, पण परीक्षकाच्या आवाजात विचारू नये.

पुनासाच्या वर पसरलेला जलाशय पूर्ण भरला म्हणजे ९१३ चौरस किलोमीटर होतो. वर सांगितलेल्या तोबा सरोवराशी ताडून पाहा. फार लहान नाही. साठवणीत तर तो देशात सर्वांत मोठा. त्याचा उत्तर काठ सतवास, कन्नोद आणि खातेगाव या तालुक्यांना लागतो. बुडालेल्या टेकड्यांचे माथे पाण्यावर राहून त्यांची बेटे झाली, आणि दक्षिण काठावर खंडवा जिल्ह्यात हनुवंतिया येथे त्या बेटांच्या जोरावर २०१६ पासून जलमहोत्सव भरू लागला. होड्या, तंबू, दिव्यांच्या माळा, सगळे आहे. याच पाण्याखाली हरसूद हे गाव गेले. २८ सप्टेंबर १९८९ रोजी तेथे मोठ्या धरणांविरुद्ध देशभरातून माणसे जमली होती. आपल्या बाबा आमटे आणि मेधा पाटकर यांचा त्यात पुढाकार होता. ३० जून २००४ ही गाव सोडण्याची मुदत. लोकांनी आपल्या हातांनी घरे उतरवली, दारे-चौकटी गाड्यांत भरल्या आणि निघून गेले. होडीतून बेटाकडे जाणाऱ्या प्रवाशास हे कोणी सांगत नाही. सांगितले तर त्याची मजा कमी होईल असे मला वाटत नाही. होडी कशावरून चालली आहे हे त्याला समजेल इतकेच.

खरे, घडलेले नव्हे तर जन्मजात बेट पाहायचे असेल त्याने आणखी खाली ओंकारेश्वरी जावे. नर्मदेच्या मध्यावरील मांधाता बेटावर ज्योतिर्लिंग आहे, दक्षिण तीरावर ममलेश्वर. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे भर घालत नाही.

सहलीच्या दृष्टीने दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने उत्तम. पावसाळ्यात काठाच्या वाटा चिखलाच्या, आणि मे महिन्यात कावडियाच्या शिळांना हात लावणे कठीण. धरणाखालच्या पात्रात उतरण्यापूर्वी स्थानिक माणसाला आणि पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय एकाही विद्यार्थ्याने पाण्यात पाय घालू नये, हा नियम निघण्याआधीच लेखी द्यावा.

परतीच्या वाटेवर एक दिवस देवाससाठी ठेवावा. मराठा पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीचे हे जुळे संस्थान. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव होता. चामुंडेची टेकडी चढून आल्यावर तिच्या पायथ्याशी 'भानुकुल' हे घर कोणीही दाखवील. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा कन्नड मुलगा क्षयाने आजारी होऊन, कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीत देवासला आला. काही वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने रस्त्याने जाणाऱ्या माळवी बायकांची गाणी ऐकली, आणि बरा झाल्यावर ती आपल्या रागदारीत आणली. कुमार गंधर्व १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच वारले. आमच्या विभागाचे वाचक आणि पलीकडच्या कन्नड विभागाचे वाचक त्या दारात एकत्र उभे राहिले, तर कोणत्या भाषेत बोलायचे याची अडचण पडणार नाही.