लहरींवर पीएचडी: जामखेडहून कुठे जाता येईल?

प्रश्न : मी जामखेडची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. लहरींवर पीएचडी करायची आहे. पण समुद्र इथून दूर, परदेशाचा खर्च न झेपणारा. घरचे म्हणतात, नाद सोड. काय करू?
– एक विद्यार्थिनी, जामखेड

उत्तर : नाद मुळीच सोडू नका. लहरी म्हणजे फक्त समुद्राच्या लाटा नव्हेत. प्रकाश, ध्वनी, भूकंप, रेडिओ, सगळीकडे तेच शास्त्र आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. 2023 मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जगासमोर आले, त्यात तिची निरीक्षणेही होती. ती चालवणारी एनसीआरए आणि शेजारची आयुका, या दोन्ही संशोधन संस्था पुण्यात आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. तिच्या प्रत्येक भुजेची लांबी 4 किलोमीटर. तिला माणसे लागणारच. समुद्रच हवा असेल, तर गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटांचा अभ्यास होतो.

खर्चाची धास्ती नको, हे घरच्यांना समजावून सांगा. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात. जेस्ट आणि गेट या परीक्षाही द्या. मात्र शिष्यवृत्ती हाती नसताना, मार्गदर्शकाचे काम न वाचता कुठेही नाव नोंदवू नका. प्रवेश मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका. गणित आणि संगणक प्रोग्रामिंगचा सराव आजच सुरू करा.