शिशिरातली वसंतपंचमी

वारकरी सज्जनहो, माघ शुद्ध पंचमीला आपण वसंतपंचमी म्हणतो. पण पंचांग उघडून पाहावे तर काय दिसते? माघ-फाल्गुन हा शिशिर ऋतु. वसंताचे महिने चैत्र आणि वैशाख. म्हणजे खरा वसंत अजून जवळजवळ दोन महिने दूर! पहाटे थंडीने हातपाय आखडतात, रानात पानगळ चालू असते, आणि आम्ही मात्र वसंताचे नाव घेऊन सण करतो. हा काय पोरखेळ म्हणायचा? नव्हे. आपल्या साधनाचे मर्म यातच आहे.

पंढरीस पाहा. या दिवशी श्रीविठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो. तेव्हापासून रंगपंचमीपर्यंत देवाला पांढरा शुभ्र पोशाख, आणि त्यावर गुलाल! झाडे अजून उघडीच, पण देवाच्या अंगावर रंग आला. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत ऋतूंमधला वसंत ही आपलीच विभूति म्हणून सांगतात. येणारा जर तोच आहे, तर त्याच्यासाठी आधीपासून दारात उभे राहायला नको का?

पुष्कळ माळकरी म्हणतात, "माळ घातली, वारी चालवली, हरिपाठ चुकवत नाही, पण मन कोरडंच. पूर्वीचा तो उमाळा राहिला नाही. आता कशाला करायचं?" त्यांनी जरा रानातल्या पळसाकडे बघावे. सगळी पाने गाळून तो उघडाबोडका होतो, आणि त्याच वाळक्या दिसणाऱ्या फांद्यांवर केशरी फुले येतात. आंब्याचा मोहोर तर थंडीतच फुटतो. थंडी नीट पडली नाही तर मोहोरही नीट येत नाही, हे कोणताही बागवाला सांगेल. मग कोरडेपणा आला म्हणून झाड मेले, असे कसे म्हणावे?

आमच्या तुकोबारायांचेच पाहा. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. पहिली पत्नी अन्नाविना गेली, व्यापार बुडाला, लोकांत मान राहिला नाही. याहून कडक शिशिर तो कोणता? पण महाराजांनी विठोबा सोडला नाही, मोडलेले देऊळ बांधायला घेतले. पुढे माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, स्वप्नात बाबाजींचा अनुग्रह झाला. तिथीही माघातलीच!

परंतु एक सावधगिरी हवी. मोहोर म्हणजे आंबा नव्हे. एकेका तुऱ्याला शेकडो फुले असतात, हाती लागणारी फळे मात्र मोजकीच. ढगाळ हवा आली, तुडतुडे पडले, की मोहोर गळतो. म्हणून शेतकरी तो डोळ्यांत तेल घालून जपतो. तसेच आपले आहे. एखाद्या दिवशी कीर्तनात डोळे भरून येतात, नाम घेताना क्षणभर देहभान हरपते. हा मोहोर. तो चावडीवर दाखवत हिंडू नये. आपला नेम, संतसंग आणि नाम यांची राखण ठेवावी, आणि फळाची वेळ देवावर सोपवावी.

पंचमीनंतर सहाव्या दिवशी माघी एकादशी. दिंडीबरोबर निघालात तर वाटेत एखादा निष्पर्ण पळस दिसेल. क्षणभर थांबून फांदीवरच्या काळ्या कळ्या पाहा, आणि मन कितीही कोरडे असले तरी नाम घेत पुढचे पाऊल टाका. वसंत निघाला आहे. आपण वाट सोडू नये.

॥ रामकृष्णहरि ॥