ऋतुमान आणि तरुण घोड्याचा स्वभाव

सुरत शहराच्या नवागाम–डिंडोली भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथून तापी नदीच्या काठाने वर गेल्यास नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात सारंगखेडा हे गाव लागते. दत्तजयंतीच्या सुमारास, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेस, तेथे एकमुखी दत्ताची यात्रा व घोड्यांचा मोठा बाजार भरतो. वरातीसाठी, टांग्यासाठी किंवा हौसेखातर घोडा ठेवणारे लोक दूरदूरहून खरेदीस येतात.

या बाजारात शांत दिसलेले दोन-तीन वर्षांचे जनावर फाल्गुन-चैत्रात मात्र बुजू लागते, लाथ झाडते, लगामास जुमानत नाही. विक्रेत्याने फसविले अथवा जनावर मुळातच खोडीचे निघाले, असा समज मग करून घेतला जातो व चाबूक हाती येतो. पुष्कळदा दोष ना विक्रेत्याचा असतो, ना जनावराचा. बदल ऋतूचा असतो. तो ओळखता आला, तर जनावराचा मार वाचतो आणि वरातीतील मुलाबाळांचा अपघातही टळतो.

दिवसमान आणि शरीर

सुरत व नंदुरबार हे दोन्ही जिल्हे साधारण २१ अक्षांशाच्या आसपास आहेत. तेथे डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनमध्ये सुमारे साडेतेरा तासांचा असतो. डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशाचा हा फरक घोड्याच्या मेंदूतील एक लहान ग्रंथी टिपते. रात्र मोठी असताना या ग्रंथीचा मेलॅटोनिन हा स्राव अधिक काळ चालतो. दिवस वाढू लागला की तो कमी होतो व प्रजननसंस्था जागी होते. हिवाळ्यातील दाट केस गळणे हे याच बदलाचे बाहेरून दिसणारे चिन्ह होय. काठेवाडी असो, मारवाडी असो वा महाराष्ट्रातील भीमथडी असो, नियम एकच आहे.

घोडी या काळात दर २१ दिवसांच्या सुमारास माजावर येते व माज सर्वसाधारणपणे ५ ते ७ दिवस टिकतो. शेपटी वर धरणे, वारंवार थोडी थोडी लघवी करणे, खिंकाळणे, कामात लक्ष नसणे ही त्याची लक्षणे. हंगामाच्या आरंभी माज अनियमित व लांबलेला असतो, म्हणून त्रासही अधिक जाणवतो. उष्ण प्रदेशात चांगल्या पोसलेल्या काही घोड्या हिवाळ्यातही माजावर येतात, हे ध्यानात असावे.

नर शिंगरू एक ते दीड वर्षाच्या सुमारास वयात येते. दिवस वाढू लागले की त्याचे चावरेपण, अंगावर येणे व दुसऱ्या नराशी झुंजणे वाढते. पैदाशीसाठी न ठेवावयाचा नर पशुवैद्यकाकडून, भूल देऊन व धनुर्वाताची लस टोचून, खच्ची करून घ्यावा. यासाठी थंड, कोरडा व माश्या कमी असलेला हिवाळा सोयीचा असतो. खच्चीकरणानंतर स्वभाव लगेच बदलत नाही. त्यास काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर त्यास घोड्यांपासून वेगळे बांधावे.

उन्हाळा व पावसाळा

उन्हाळ्यात जनावर सुस्त दिसते, त्यास आळस समजू नये. काम पहाटे व सायंकाळी घ्यावे. पूर्ण वाढीच्या घोड्यास दिवसास २५ ते ४० लिटर पाणी लागते व उन्हात श्रम झाल्यास त्याहून अधिक. मिठाचा खडा चाटण्यास ठेवावा. घाम येणे थांबून श्वास जलद चालला, तर ते उष्माघाताचे चिन्ह आहे. त्वरित सावलीत नेऊन अंगावर सतत थंड पाणी ओतावे व पशुवैद्यकास बोलवावे.

पावसाळ्यात चावणाऱ्या माश्या जनावरास स्वस्थ उभे राहू देत नाहीत. मोठ्या माश्यांमुळे सर्रा हा रोगही पसरतो. अधूनमधून ताप, अशक्तपणा, पोटाखाली व पायांवर सूज आणि झोकांड्या ही त्याची लक्षणे दिसताच रक्त तपासून घ्यावे. तबेल्यातील लीद दररोज उचलावी, जमीन कोरडी ठेवावी व खूर रोज साफ करावेत. खूर कुजू लागल्यास दुखणारा पाय घोडा उचलू देत नाही आणि पाहणाऱ्यास तो हट्टी वाटतो.

चातुर्मासातील विश्रांती

वरातीच्या घोड्यास आषाढी एकादशीपासून फारसे काम नसते. नवागामसारख्या दाट वस्तीत मोकळी जागाही थोडी. चंदी मात्र पूर्वीइतकीच मिळत राहते. उभ्या जनावरास मिळालेली जादा चंदी अंगात मस्ती आणते. शिवाय पोटशूळाचा व एकाएकी कामास जुंपल्यावर स्नायू आखडण्याचा धोका वाढतो. म्हणून काम थांबताच चंदी निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणावी, वैरण कमी करू नये. ३०० किलो वजनाच्या घोड्यास दररोज ५ ते ६ किलो कोरडी वैरण लागते. पावसाळी हिरवे गवत एकदम भरपूर घालू नये. खाद्यातील कोणताही बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करावा. पाऊस उघडताच रोज तासभर फिरविणे आवश्यक आहे.

दसऱ्यास घोड्याची पूजा होते. तेथून तुळशीच्या लग्नापर्यंत सुमारे एक महिना मिळतो. हाच काळ जनावरास पुन्हा कामावर आणण्याचा. पहिल्या आठवड्यात केवळ चालविणे, दुसऱ्यात लांब दोरीवर गोल फिरविणे, तिसऱ्यात खोगीर व हलका स्वार, चौथ्यात शांत व वयस्क घोड्याच्या सोबतीने दुरून वाजंत्री ऐकविणे, असा क्रम ठेवावा. दिवाळीच्या फटाक्यांच्या वेळी जनावर आत, परिचित माणसाच्या जवळ असावे. तीन वर्षांपूर्वी त्यावर जड स्वार बसवू नये.

शिक्षेपूर्वी तपासणी

स्वभाव बिघडला असे वाटताच पुढील क्रमाने पाहावे.

१. दुखणे : पाठ, खूर व तोंड तपासावे. सुमारे अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या वयात पुढचे दुधाचे दात पडून पक्के दात येतात. त्या वेळी लगाम बोचतो.

२. खाद्य : श्रमाच्या मानाने चंदी अधिक होते काय?

३. व्यायाम : किती दिवस एकाच जागी बांधलेले आहे?

४. ऋतू : माज, माश्या, उष्मा, थंड वारा वा गडगडाट यांपैकी काय आहे?

यांपैकी एकही कारण न सापडल्यासच शिक्षणातील दोष मानावा. त्यावरही मार हा उपाय नव्हे. माराने घोडा माणसास भितो, आणि भ्यालेला घोडा गर्दीत उधळतो.

घोडेमालकाने एक साधी वही ठेवावी. तारीख, चंदी, काम, माजाची लक्षणे व वागणुकीतील बदल एवढेच तीत लिहावे. घरातील शाळकरी मुलेही ही नोंद करू शकतील. दिवसमान व प्राणिजीवन यांचा संबंध शिकविताना शिक्षकांनाही तिचा उपयोग होईल. दोन-तीन महिन्यांत २१ दिवसांचे चक्र कागदावर उमटते. माजाच्या दिवसांत त्या घोडीस वरातीस न नेता दुसऱ्या जनावराची व्यवस्था आधीच करता येते. वर्षभराची अशी वही हाती असल्यास पशुवैद्यकासही निदान करणे सोपे जाते, आणि मार्गशीर्षात घेतलेले चांगले जनावर चैत्रात मातीमोल भावाने विकण्याची पाळी मालकावर येत नाही.