हरवलेल्या आज्ञांचा शोध

नाचणगावच्या आपल्या वसतिशाळेतील लिनक्स संगणकावर एकदा विचित्र प्रसंग ओढवला. नववीच्या एका विद्यार्थिनीने टर्मिनल उघडून 'एलएस' ही फाइलींची यादी दाखविणारी साधी आज्ञा दिली. उत्तर आले, आज्ञा सापडत नाही. तिचे वर्षभराचे काम त्याच संगणकात होते. सर्व पुसून प्रणाली नव्याने बसवावी, असा सल्ला आम्हांस मिळाला. परंतु आम्ही इतिहासाचे शिक्षक; तपासण्याआधीच पुरावा नष्ट करणे आम्हांस पटेना. त्या दिवशीचा धडा येथे देत आहोत. आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना अर्थातच रोमन अक्षरे वापरावीत आणि 'पाथ' व 'होम' हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहावेत.

आपण टंकलेली आज्ञा वाचून ती कामास लावणाऱ्या प्रोग्रॅमला 'शेल' म्हणतात. लिनक्सवर बहुधा 'बॅश' हे शेल असते. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले हे शेल १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. 'एलएस' ही वस्तुतः '/यूएसआर/बिन' किंवा '/बिन' या फोल्डरातील एक फाइल असते. अशा फाइली कोठे शोधाव्यात, याची यादी 'पाथ' या नावाखाली साठविलेली असते. दोन फोल्डरांमध्ये अपूर्णविराम (:) असतो. शेल ही यादी डावीकडून उजवीकडे पाहते आणि प्रथम सापडेल ती फाइल चालविते. तेव्हा आज्ञा सापडत नाही, याचा अर्थ ती नाहीशी झाली असा होत नाही.

मग यादी बिघडली कोठे? लॉगिन करताना बॅश प्रथम '/ईटीसी/प्रोफाइल' वाचते. नंतर आपल्या होम फोल्डरातील '.बॅश_प्रोफाइल', '.बॅश_लॉगिन' व '.प्रोफाइल' यांपैकी प्रथम आढळेल ती एकच फाइल. लॉगिननंतर उघडलेले साधे टर्मिनल मात्र '.बॅशआरसी' वाचते. म्हणून चूक शोधताना कोणती फाइल केव्हा वाचली गेली, हे आधी विचारावे.

आम्ही 'एको $पाथ' ही आज्ञा दिली. 'एको' शेलच्या आतच असल्याने ती चालली. पडद्यावर एकच फोल्डर दिसले! '.बॅशआरसी'च्या अखेरीस ओळ होती: 'पाथ=$होम/बिन'. हवी होती: 'पाथ=$पाथ:$होम/बिन'. नवे जोडण्याच्या प्रयत्नात जुने सारे पुसले गेले होते.

उपाय चार पायऱ्यांचा. 'पाथ=/यूएसआर/बिन:/बिन' असे टंकून यादी तात्पुरती सावरावी. फाइलीची प्रत काढून ठेवावी. चुकलेली ओळ सुधारावी. बरोबरच्या चिन्हाभोवती जागा सोडू नये. शेवटी जुने टर्मिनल बंद न करता नव्या टर्मिनलमध्ये पडताळा घ्यावा.

ती ओळ त्या मुलीनेच लिहिली होती. स्वतः तयार केलेला छोटा प्रोग्रॅम तिला कोठूनही चालवायचा होता. आम्ही रागावलो नाही. दुरुस्ती तिच्याच हातून करविली. 'एलएस' चालली, तिच्या साऱ्या फाइली जागेवर होत्या आणि तिचा प्रोग्रॅमही चालू लागला.