शोभिवंत मत्स्यपालन सल्ला: माशांच्या टाकीत चेरी श्रिंप पाळताना



शोभिवंत माशांसोबत चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातली इंचभर लांबीची लाल कोळंबी, पाळणाऱ्यांचे दोन प्रश्न नेहमीचे असतात. "मादीच्या पोटाखाली अंडी दिसतात, मग पिल्लं जातात कुठे?" आणि "काल ठीक होत्या, आज सकाळी सगळ्या मेलेल्या. असं का?" पावसाआधीची बोर्डो फवारणी तोंडावर आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी.

*१) फवारणी आणि टाकी लांब ठेवा*
बोर्डो मिश्रणात मोरचूद असतो, म्हणजेच तांबं. माशाला न बाधणारं थोडंसं तांबंही श्रिंपचा जीव घेतं. कीटकनाशकांचंही तसंच. श्रिंप ही किड्यांच्याच लांबच्या नात्यातली, त्यामुळे किडीवर चालणारं औषध तिच्यावरही चालतं. मासे ठणठणीत आणि श्रिंप मेलेल्या, असं दिसलं तर पहिला संशय तांबं किंवा कीटकनाशकावर घ्या.
🔹 फवारणीची बादली, मग, पाइप टाकीसाठी कधीही वापरू नका. धुऊनसुद्धा नाही.
🔹 फवारणी करून आल्यावर आंघोळ होईपर्यंत टाकीत हात घालू नका. शक्यतो त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी खाद्य टाकू द्या.
🔹 सुपारीच्या बागेलगत टाक्या असतील तर फवारणीच्या वेळी झाकून ठेवा. हवेचा पंपही तेवढा वेळ बंद ठेवा, नाहीतर तो फवाऱ्याची हवाच पाण्यात सोडतो. काम झालं की आठवणीने चालू करा.
🔹 माशांच्या आणि गोगलगाय मारायच्या काही औषधांत तांबं असतं. लेबल वाचल्याशिवाय टाकू नका. शेतातलं सूक्ष्म अन्नद्रव्य खतही टाकीतल्या झाडांना घालू नका.
🔹 विकत आणलेली पाणवनस्पती आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा, रोज पाणी बदला, मगच टाकीत लावा.

श्रिंप सैरावैरा पोहायला लागल्या आणि आडव्या पडू लागल्या, तर वाट बघू नका. जिवंत असतील त्या लगेच दुसऱ्या मुरलेल्या टाकीत हलवा.

*२) पिल्लं जातात माशांच्या पोटात*
एक मादी साधारण २० ते ३० अंडी तीन-चार आठवडे पोटाखाली वागवते. पिल्लू जेमतेम २ मिलिमीटरचं असतं. माशाच्या तोंडात जे मावतं ते मासा खातो, त्याला इलाज नाही.
❌ एंजल, गोल्डफिश, फायटर, बार्ब, गुरामी: सोबत ठेवू नका.
✅ गप्पी, निऑन टेट्रा, हार्लेक्विन रासबोरा: मोठ्या श्रिंपला सहसा त्रास देत नाहीत, पण नवी पिल्लं मात्र टिपतात.

म्हणून टाकीत दाट झाडी हवी. जावा मॉस सगळ्यात चांगलं. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधून निदान एक कोपरा गच्च भरू द्या. सोबत जावा फर्न, अनुबियास लावा. ही झाडं कमी उजेडात, वेगळा गॅस न सोडताही वाढतात. त्या गर्दीत काही पिल्लं वाचतात.

विक्रीसाठी संख्या वाढवायची असेल तर झाडीवर भागणार नाही. दोन फुटी टाकीत २०-३० श्रिंप, भरपूर मॉस आणि *एकही मासा नाही*, अशी वेगळी सोय करा. अंडीवाली मादी पकडून हलवू नका, घाबरून ती अंडी सोडू शकते. तिथली पिल्लं अर्ध्या इंचाच्या वर गेली की मगच माशांच्या टाकीत सोडा.

*३) पाणी*
🔹 नवी टाकी झाडं आणि स्पंज फिल्टर लावून ४ ते ६ आठवडे मुरू द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्यावरच श्रिंप सोडा. मोठ्या फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात.
🔹 तापमान २२ ते २६ अंश उत्तम. उन्हाळ्यात ३० च्या वर जायला लागलं तर टाकी घरातल्या गार जागी ठेवा आणि पाण्यावर पंखा लावा.
🔹 जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा हलकं असतं, त्यात चुना कमी. श्रिंपला कात टाकून नवं कवच करायला चुना लागतो. तिसऱ्यांचे रिकामे शिंपले धुऊन, उकळून टाकीत ठेवा. गप्पीलाही असं पाणी मानवतं.
🔹 आठवड्याला फक्त १० ते २० टक्के पाणी बदला, तेही हळूहळू. एकदम बदललं तर कात अडकून श्रिंप मरते. नळाचं पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी एक दिवस हवा सोडून ठेवा.
🔹 तळाशी पारदर्शक कात दिसली तर मेली समजून काढू नका. श्रिंप ती खातात आणि चुना परत मिळवतात.

*४) खाद्य*
पानांवरचा बुळबुळीत थर हेच त्यांचं मुख्य अन्न. वरून एक दिवसाआड, दोन तासांत संपेल एवढंच द्या. उकडलेला पालक किंवा देशी बदामाचं सुकून गळलेलं पान चालतं. दोन्ही *बिनफवारणीचं* हवं. उरलेलं काढून टाका.

*शेवटचं:* नको झालेल्या श्रिंप ओहोळात, तळ्यात, विहिरीत सोडू नका. ही बाहेरची जात आहे, पसरली तर आवरणार नाही. आणि टाक्या वाढवण्याआधी घेणाऱ्या दुकानदाराशी बोलून घ्या.

काही शंका असेल तर टाकीचा फोटो आणि गेल्या आठ दिवसांत कोणती फवारणी केली, एवढं याच नंबरवर पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी