श्रम, आहार आणि शरीराचा दैनंदिन ऊर्जाखर्च

मनुष्य दिवसभर स्वस्थ पडून राहिला तरी त्याच्या शरीराचे काम थांबत नाही. हृदय, मेंदू, यकृत व मूत्रपिंडे अखंड राबत असतात. या कार्यास मूलभूत चयापचय म्हणतात. बैठे काम करणाऱ्यांची दिवसाची ६० ते ७० टक्के ऊर्जा याच कामी लागते. अन्नपचनासाठी सुमारे १० टक्के ऊर्जा खर्ची पडते. उरलेला वाटा हालचालींचा असतो आणि माणसामाणसांत सर्वाधिक फरक पडतो तो याच वाट्यात.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सुचविलेले प्रमाण पाहावे. ६५ किलो वजनाच्या पुरुषास बैठ्या कामासाठी २११०, मध्यम श्रमासाठी २७१० आणि कष्टाच्या कामासाठी ३४७० किलोकॅलरी लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे १६६०, २१३० व २७२० आहेत. बैठे काम आणि कष्टाचे काम यांतील पुरुषाचा फरक १३६० किलोकॅलरींचा, म्हणजे ज्वारीच्या सुमारे ४०० ग्रॅम पिठाइतका होतो.

मुकुंदवाडी परिसरात चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील कामगार, बांधकाम मजूर आणि टेबलापाशी बसून काम करणारे शेजारी शेजारी राहतात. वरील आकड्यांनुसार दिवसभर ओझी वाहणाऱ्या स्त्रीस बैठे काम करणाऱ्या पुरुषापेक्षा सहाशे किलोकॅलरी अधिक हव्यात. तरीही अनेक घरांत तीच सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले खाते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो स्त्री-पुरुषांनी खडी फोडली, तलाव खोदले. अन्न दुर्मीळ झाले असता शरीराची गरज मात्र वाढली होती. त्या कामांवर मिळालेल्या सुकडीची आठवण वडीलधारे आजही काढतात, ती यामुळेच.

श्रम वाढले की खर्च त्याच प्रमाणात वाढत जातो, असे मात्र नाही. टांझानियातील हाडझा हे शिकार व कंदमुळांवर जगणारे लोक दिवसभर पायपीट करतात. हर्मन पाँत्झर व सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरीराचा आकार लक्षात घेता, त्यांचा दैनंदिन खर्च पाश्चात्त्य शहरवासीयांइतकाच आढळला. यावरून पाँत्झर यांनी असा सिद्धांत मांडला, की श्रम वाढल्यास शरीर अन्य कार्यांत काटकसर करते. म्हणून केवळ व्यायामाने वजन फारसे उतरत नाही, त्यास आहाराचा संयमही हवा. व्यायामाचा खरा लाभ हृदय, हाडे आणि रक्तशर्करा यांना होतो.

वाढत्या वयात मात्र काटकसर महाग पडते. अन्न अपुरे आणि श्रम अधिक असल्यास मुलांची उंची व वजन खुंटते. १३ ते १५ वर्षांच्या मुलास २८६० व मुलीस २४०० किलोकॅलरींची शिफारस आहे. म्हणून वसतिगृहात खेळाचा तास आणि भरलेले ताट यांची सांगड हवी, आणि ताट वाढताना मुलगा-मुलगी असा भेद नको.

तथागतांनी अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे संथ येरझाऱ्यांचे, पाच लाभ सांगितले आहेत: दूरचा प्रवास झेपतो, उद्योगाची क्षमता येते, आरोग्य लाभते, खाल्लेले नीट पचते आणि मिळविलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. अतिभोजनाने जड झालेल्या राजा प्रसेनजितास त्यांनी मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश केला. श्रम करणाऱ्यास पोटभर आणि बैठ्यास बेताचे, ही मात्रा ओळखणे आज प्रत्येक घराच्या हाती आहे.