टू-स्ट्रोक मोटारसायकलची शक्ती हळूहळू का घटते?

महाराष्ट्रातील ग्रामीण रस्त्यांवर एके काळी राजदूत, येझदी आणि जावा या मोटारसायकलींनी फार मोठी कामगिरी बजावली. दूध, भाजीपाला, खताची पोती आणि प्रसंगी आजारी माणूसही याच गाड्यांनी वाहून नेला. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून बाहेर पडू लागलेल्या जावा व येझदी गाड्यांचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. त्याच वर्षी यामाहा आर एक्स १०० चीही निर्मिती बंद झाली. धुरासंबंधीचे नियम १९९६ व २००० मध्ये अधिक कडक होत गेल्यानंतर टू-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून मागे पडल्या. तथापि त्यांपैकी अनेक गाड्या आजही चालू अवस्थेत आहेत. अशा गाडीच्या मालकाची नेहमीची तक्रार एकच असते : "गाडी चालू होते, चालते, पण पूर्वीसारखी ओढत नाही."

ही तक्रार वरवर साधी वाटली तरी तिचे निदान चुकल्यास भुर्दंड मोठा पडतो. सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी न पाहताच सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसविला जातो, पैसे खर्च होतात आणि गाडी मात्र होती तशीच राहते. याउलट, खरा दोष वेळीच न ओळखल्यास इंजिन भर रस्त्यात जाम होऊन मागील चाक अडकण्याचा धोका असतो. म्हणून निदानाची पद्धतशीर रीत जाणून घेणे अगत्याचे आहे.

इंजिनाची रचना

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या वर स्फोट होतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु पिस्टनच्या खालची बंदिस्त पोकळी, म्हणजे क्रँककेस, ही पंपाचे काम करते, याकडे दुर्लक्ष होते. पिस्टन वर जाताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण या पोकळीत ओढले जाते आणि पिस्टन खाली येताना ते दाबले जाऊन सिलिंडरमध्ये वर चढते. याचा अर्थ असा की, येथे दाब दोन ठिकाणी टिकावा लागतो : पिस्टनच्या वर आणि पिस्टनच्या खाली. शिवाय पेट्रोलबरोबर तेलही जळत असल्याने काजळी धरणे हा या इंजिनाचा स्वभावच आहे. हळूहळू होणाऱ्या शक्तिक्षयाची बहुतेक कारणे या दोन गोष्टींत सापडतात.

प्रथम इंजिनाबाहेर पाहावे

गाडी स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये ठेवून, मागचे चाक हाताने फिरवावे. ते अडखळत असेल तर ब्रेक घासत आहे किंवा चेन अति ताणलेली आहे, असे समजावे. पुढील चाकही याच रीतीने तपासावे. टायरमधील हवा मोजावी. त्यानंतर चढावर गाडी नेऊन थ्रॉटल वाढवावे. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे आढळल्यास क्लच घसरत आहे. क्लचच्या केबलला थोडी ढील नसल्यासही असे होते. हे दोष इंजिनाचे नव्हेत आणि त्यांवर इलाजही तुलनेने स्वस्त आहे.

हवा आणि पेट्रोल

धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर लवकर तुंबतो. तो स्वच्छ करून, फोमचा असल्यास तेल लावून व पिळून पुन्हा बसवावा. फिल्टर काढून टाकून गाडी चालविण्याची सवय मात्र घातक आहे, कारण धूळ थेट सिलिंडर घासते.

पेट्रोल पुरेसे येते की नाही, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. गाडी काही अंतर चालून मंदावत असेल तर थांबून टाकीचे झाकण सैल करावे. त्यामुळे जोर परत आला तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. तसे नसल्यास पेट्रोलच्या नळाची जाळी व कार्बोरेटरचा मेन जेट पाहावा. आणखी एक चाचणी अशी : मोकळ्या रस्त्यावर थ्रॉटल पूर्ण उघडलेले असताना क्षणभर थोडा चोक द्यावा. जोर वाढला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. जोर आणखी घटला तर पेट्रोल आधीच पुरेसे किंवा अधिक आहे. देशात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि काही जुन्या रबरी भागांना ते मानवत नाही. म्हणून फार दिवस उभ्या असलेल्या गाडीची टाकी, नळ्या व कार्बोरेटर अवश्य तपासावेत.

ठिणगी

प्लग हा इंजिनाच्या प्रकृतीचा आरसा होय. टोकाचा रंग फिकट तपकिरी असल्यास ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट रंग म्हणजे पेट्रोल कमी किंवा उष्णता अधिक, आणि तेलकट ओलेपणा म्हणजे तेल जास्त किंवा ठिणगी दुबळी.

पॉइंट असलेल्या गाड्यांत एक दोष फार सावकाश वाढतो. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजते, त्यामुळे पॉइंटमधील अंतर कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. रोजच्या वापरात हे जाणवत नाही. पण चढावर गिअर खाली घ्यावा लागू लागतो. हे अंतर साधारणतः ०.३५ ते ०.४५ मि.मी. असते. गाडीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानून फीलर गेजने ते जुळवावे व नंतर टायमिंग तपासावे.

काजळीचा अडसर

इंजिन सहज चालू होते, मंद गतीत बरे चालते. पण वेग वाढविताच गुदमरते आणि आवाजही दबलेला येतो, ही धुराची वाट अरुंद झाल्याची खूण आहे. सायलेन्सरचा बॅफल काढून खरवडावा. त्याचबरोबर सिलिंडरचा एक्झॉस्ट पोर्ट पाहावा. तेथील काजळी लाकडी किंवा बोथट साधनाने काढावी आणि तिचा कणही सिलिंडरमध्ये राहू देऊ नये. पेट्रोलमध्ये तेल अंदाजाने ओतल्यास काजळी लवकर साचते. एका लिटरला ४० मिलिलिटर तेल म्हणजे १ : २५ आणि २० मिलिलिटर म्हणजे १ : ५० असे प्रमाण होते. आपल्या गाडीला कोणते प्रमाण सांगितले आहे, ते पाहून मापानेच तेल घालावे. ज्या गाडीत तेलाचा पंप आहे, तिच्या पंपाची केबल तपासावी.

दाब आणि सील

वरील सर्व ठीक असूनही जोर नसेल, तरच इंजिनाच्या आत शिरावे. इंजिन गरम असताना थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन गेजने दाब मोजावा. दाब कमी आढळल्यास प्लगच्या छिद्रातून थोडेसे तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब स्पष्टपणे वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजला आहे. न वाढल्यास हेडच्या जोडातून गळती असण्याचा संभव आहे.

दाब चांगला आणि तरीही इंजिन दुबळे, अशा वेळी क्रँकशाफ्टच्या ऑइल सीलकडे संशयाने पाहावे. गिअरबॉक्सच्या बाजूचे सील फाटल्यास गिअरचे तेल आत ओढले जाते, दाट पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधील तेल घटते. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गेल्यास बाहेरची हवा आत शिरते. मग इंजिनाची मंद गती स्थिर राहत नाही, ते आपोआप वेग घेते व अति तापते. अशी गाडी चालवू नये. चालता चालता इंजिन आवळल्यासारखे वाटल्यास तत्काळ क्लच दाबावा, म्हणजे चाक मोकळे राहील.

नोंद ठेवण्याचे महत्त्व

हळूहळू येणारी दुर्बलता रोज गाडी चालविणाऱ्याच्या लक्षात येत नाही. यासाठी एक ठराविक चढ निवडावा. पुण्याच्या चालकाला कात्रजचा घाट त्यासाठी सोयीचा आहे. महिन्यातून एकदा तेवढेच ओझे घेऊन तो चढ कोणत्या गिअरमध्ये पार होतो आणि एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाता येते, हे वहीत लिहावे. दुरुस्ती करतानाही एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारेल कदाचित. परंतु दोष कोणता होता, हे कळणार नाही आणि पुढच्या वेळी तोच खर्च पुन्हा करावा लागेल.

बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे, हा या निदानाचा क्रम आहे. तो पाळल्यास बहुतेक वेळा सिलिंडर उघडण्याची पाळीच येत नाही. आणि ती आलीच, तर मालक आपल्या मेकॅनिकपुढे नेमक्या नोंदी घेऊन उभा राहू शकतो.